पांढरी कुठे थांबते

ये वं मैत्री, जवळ ये. अजून जवळ. कान इकडे कर, पत्रातूनच का होईना, तो आधी ओढायचा आहे मला. चौदा एप्रिलला येते म्हणालीस, मी तुझ्यासाठी पांढरी साडी धुऊन, नीळ देऊन ठेवली, तू आली नाहीस. बरं, काम असतं, मान्य. पण गेले तीन रविवार फोनवर विचारतेस, "आजी, आबाजी कसे आहेत?" मी म्हणते, "बरे आहेत." आणि तू "चला, छान" म्हणून फोन ठेवतेस! अगं, आजीने दोन शब्दांत उत्तर दिलं, एवढंच तुला घाबरवायला पुरे होतं. जी बाई भाजीत मीठ किती घातलं हे सांगायला पाव तास घेते, ती नवऱ्याची तब्येत दोन शब्दांत उरकते आणि नात म्हणते छान. पुण्याला जाऊन एवढी शिकलीस आणि हे नाही कळलं?

जाऊ दे. मी रागावले नाही. घाबरले आहे. मी घाबरले की रागावल्यासारखी बोलते, हे तुझे आबाजी लग्नानंतर पहिल्या महिन्यातच शिकले. तूही शीक.

आठ दिवस झाले, कूलर माळ्यावरून काढला. जुनं गवत झडून गेलं होतं, जाळीत नवं भरलं, टाकी घासली, पंप लावला. पहिलं पाणी त्या कोरड्या गवतावरून उतरलं आणि तो वास घरभर झाला. पहिल्या पावसाच्या मातीच्या वासाचं कौतुक बाकीच्या गावांनी करावं. आम्हा नागपूरच्या माणसांचा खरा वास हा, कूलरच्या ओल्या गवताचा. बाहेर डांबर मऊ होतं, कावळे चोच उघडी टाकून तारेवर बसतात, आणि घरात हा वास आला की माणूस म्हणतो, चला, आता जगतो आपण हा उन्हाळा. सगळ्यांना त्या वासाने गार वाटतं. मी मात्र तो वास आला की हॉलकडे कान लावते. आठ वर्षं झाली, दर उन्हाळ्यात लावते. यंदा लावलेला अजून काढला नाही.

तू तेव्हा सहावीतून सातवीत गेली होतीस. सुट्टीभर इथे होतीस, आणि तरी तुला त्या सुट्टीतलं काय आठवतं विचारलं तर म्हणशील, आंब्याचा रस आणि पूलचा खेळ. बरोबर आहे. लेकरांना तेवढंच दिसावं म्हणून तर मोठी माणसं धडपडत असतात.

आमच्या हॉलमध्ये सोफा नाही, हे नवीन पाहुण्याला आधी खटकतं. इंदोऱ्यातल्या या दोन खोल्यांच्या घरात पुढची खोली पूर्णपणे पूलच्या टेबलाने व्यापली आहे. पाहुणा आला तर भिंतीला पाठ लावून खुर्चीवर बसतो, आणि चहाचा कप हातात धरूनच ठेवतो, कारण त्या हिरव्या कापडावर कप ठेवायची हिंमत आजवर कोणी केली नाही. सदर भागातलं एक पूल पार्लर बंद होत होतं, तिथून आबाजींनी हे टेबल आणलं, निवृत्त झाल्या झाल्या. मी म्हटलं, "लोक निवृत्त झाल्यावर झोपाळा आणतात जी." ते म्हणाले, "झोपाळ्यावर बसून काय करू? पुढं जाऊ आन् मागं येऊ? ते तर माही पांढरी करते."

पांढरी म्हणजे पांढरा बॉल. ते त्याला कधी बॉल म्हणत नाहीत. पांढरी म्हणतात, दावणीच्या गायीला म्हणावं तसं.

तुला माहीत आहे, पण तुझ्या मैत्रिणी वाचतील तर त्यांच्यासाठी सांगते. आबाजी खापरखेड्याकडच्या एका क्लबात मार्कर होते. मार्कर म्हणजे जो टेबल राखतो. कापडाला ब्रश मारायचा, इस्त्री करायची, गुण मांडायचे, काठीच्या टोकाला लावायचा खडू हातात द्यायचा. आणि एखाद्या साहेबाला जोडीदार मिळाला नाही तर त्याच्याशी खेळायचं. आता यात मेख अशी, की साहेबाला हरवायचं नाही, आणि आपण मुद्दाम हरतोय असं त्याला कळूही द्यायचं नाही. हे कसं करायचं? तर आपला बॉल चांगला पाडायचा, दोन पाडायचे, तीन पाडायचे, आणि चौथा थोडक्यात चुकवायचा. पण चुकवताना पांढरी अशा ठिकाणी नेऊन उभी करायची की पुढचा डाव साहेबाला सोपा पडावा. साहेबाला वाटावं, वा, काय नजर आहे माझी! तीस वर्षं आबाजींनी हेच केलं. दुसऱ्याला सोपं पडेल अशी पांढरी ठेवली. एखाद्या शहाण्या साहेबाला ते कळायचं. तो निघताना घाम पुसत हळूच म्हणायचा, "चांगली ठेवली." आबाजी त्या दिवशी घरी येऊन दोन पोळ्या जास्त खायचे.

म्हणून त्यांची पांढरी एवढी गुणाची. पार्लरमधली पोरं रंगीत बॉल धाडकन पाडतात आणि हात वर करतात, पांढरी मागे कुठे भरकटते त्याकडे लक्ष नसतं. आबाजींचं उलटं. रंगीत बॉल पॉकेटात पडत असतो, सगळे तिकडे पाहत असतात, आणि हे पांढरीकडे पाहत असतात. तुला पहिल्या दिवशी त्यांनी काय सांगितलं होतं? "पाडनं कोनालेबी येते मैत्री. पाडल्यावर तू कुठं उभी राहिली ते मले सांग." तू म्हणालीस, "मी इथेच उभी आहे आबाजी." आणि मी स्वयंपाकघरात हसून हसून पोळी जाळली.

मी काही खेळले नाही. पण तीस वर्षं क्लबामागच्या आमच्या खोलीत तांदूळ निवडताना, नंतर या घरात भाजी चिरताना, कानाने खेळ शिकले. पांढरीला वरच्या अंगाला टोचलं तर ती दुसऱ्याला ढकलून त्याच्या मागे चालत जाते. खालच्या अंगाला टोचलं तर ढकलून मागे फिरते, माहेरी निघालेल्या बाईसारखी. मधोमध नेमकं टोचलं तर जिथे धडकली तिथेच ठप्प उभी. आणि जोर किती, तो कोणी शिकवू शकत नाही, तो हाताचा हातालाच कळतो. मला हे बोलण्यात फार उपयोगी पडलं. एकदा तुझ्या बाबांच्या आत्याला, म्हणजे माझ्या नणंदेला, भर साखरपुड्यात मी खरं ते तोंडावर सुनावलं. बॉल पडला, सगळ्यांना दिसला. पण नंतर माझी पांढरी अशा कोपऱ्यात जाऊन अडकली की दोन वर्षं तिच्या दारात जाता आलं नाही. तेव्हापासून बोलण्याआधी पाहते, बोलून झाल्यावर आपण कुठे उभे राहणार.

आबाजींची सरावाची एक रीत होती. टेबलावर पोस्टकार्ड ठेवायचं. बॉल पाडायचा, पांढरीने टेबलाच्या एका कडेवर आपटायचं, दुसऱ्या कडेवर आपटायचं आणि येऊन त्या पोस्टकार्डावर थांबायचं. जमलं की पोस्टकार्डाची घडी घालायची, अर्धं. तेही जमलं की आणखी एक घडी, पाव. आबाजी नेहमी पावावर खेळत. ते पोस्टकार्ड उमरेडच्या भाऊजींचं होतं, आबाजींच्या थोरल्या भावाचं. त्यांनी लिहिलेलं शेवटचं. तू कधी वाचलं नसशील, घडीच्या आत मजकूर होता. मजकूर काही विशेष नाही, पाऊस बरा आहे, म्हैस व्याली. पण अक्षर बघ कधी. ओळ सरळ निघते आणि मग प्रत्येक काना थरथरत खाली उतरतो.

भाऊजी विणकर होते. मागावर बसले की धोटा इकडून तिकडे असा जायचा की डोळ्याला दिसायचा नाही. साठी ओलांडली आणि हात हलायला लागला. आधी कप. मग सदऱ्याचं बटण. मग धोटा मध्येच अडकायला लागला, सूत तुटायला लागलं. एक दिवस ते मागावरून उठले आणि परत बसलेच नाहीत. शेवटी शेवटी वहिनी त्यांना घास भरवत, आणि ते तोंड दुसरीकडे करून घास घेत, कोणी पाहू नये म्हणून. आबाजी तिकडून आले की बसमधून उतरून घरापर्यंत बोलत नसत. एकदाच म्हणाले, "आमच्या घरचे हात साठीनंतर सोडून जातात."

त्या उन्हाळ्यात आबाजी चौसष्टचे होते.

नवतपा, म्हणजे आमच्याकडचे ते सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, जवळ आला होता. तुला टेबलाशी उभी करून ते शिकवायचे तेव्हा घाम त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून कापडावर पडायचा, आणि ते लगेच रुमालाने टिपायचे, कापड जपायला, स्वतःला नव्हे. मला ते पाहवेना. मी कूलर झोपायच्या खोलीच्या खिडकीतून काढला आणि हॉलच्या दारात, टेबलाकडे तोंड करून लावला. आबाजी आठ दिवस तुझ्या बाबांकडे वर्ध्याला गेले होते, आले तर हॉल गार. "वा वं!" म्हणाले. मला केवढा आनंद झाला. प्रेमाने केलेल्या गोष्टीवर माणूस संशय घेत नाही, तिथेच फसतो.

चार-पाच दिवसांनी माझ्या कानाला काहीतरी कमी वाटायला लागलं. आबाजी खेळत असले की आवाजांची एक माळ असते. काठीची टुक. बॉलवर बॉलची ठक. पॉकेटात पडल्याची धप. मग कडेवरून पांढरी परतते त्याचा आवाज नाही, नुसती शांतता, आणि त्या शांततेच्या शेवटी आबाजींचा एक "हं." समाधानाचा. पांढरी पोस्टकार्डावर थांबली की आपोआप निघणारा. टुक, ठक, धप, आणि हं. ते हं येईना झालं.

मी कणीक मळता मळता थांबून ऐकायची. टुक. ठक. धप. आणि काही नाही. मग पावलं, मग पुन्हा टुक.

दारातून डोकावून पाहिलं. पांढरी येत होती, नेहमीच्या वाटेने, आणि पोस्टकार्डाच्या बोटभर अलीकडे थांबत होती. दोन दिवसांनी चार बोटं. मग वीतभर. आबाजींनी पोस्टकार्डाची एक घडी उघडली. मग दुसरी. आता पूर्ण पोस्टकार्ड उघडं, भाऊजींचं अक्षर वर, आणि पांढरी तिथवरही पोचेना.

 त्या दिवसापासून माझी नजर त्यांच्या उजव्या हाताला चिकटली. चहाचा कप उचलला, बघ. वरण-भात कालवला, बघ. चष्मा पुसला, बघ. ते म्हणाले, "काय पाहून राहिली?" मी म्हटलं, "मी कुठं पाहून राहिली." खरं सांगते, जो हात दिवसभर पाहावा तो हलल्यासारखाच दिसतो. मी माझा स्वतःचा धरून पाहिला, तोही हलत होता.

दाढीला ते कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे जायला लागले, आयुष्यात पहिल्यांदा. टेबलाला इस्त्री करणं सोडलं. क्लबातून आणलेली ती जड इस्त्री, आठवड्यातून दोनदा कापडावरून फिरायची, एकाच दिशेने, उलटा हात कधी नाही. आता ती फळीवर तशीच. विचारलं तर म्हणाले, "गरम इस्त्री हाय. हातातून निसटली त कापड जळते." हे वाक्य त्यांनी सहज म्हटलं, पण मी पुढे दोन दिवस भाजीत मीठ घालायला विसरले.

आणि मग तू, माझे बाई, अगदी निरागसपणे, खडू बोटाला फासत विचारलंस, "आबाजी, तुमची पांढरी थकली का?"

ते हसले. तुझ्या डोक्यावर हात ठेवला. "ऊन उतरू दे, मग खेळू," म्हणाले आणि काठी भिंतीवरच्या खुंट्यांना लावली. बाहेरचं ऊन उतरलं. ते त्या दिवशी खेळले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही.

एका दुपारी तू झोपली होतीस. मी उठले तर आबाजी ओट्याशी उभे. हातात काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला, हात पुढे लांब केलेला, आणि डोळे त्या पाण्यावर.

"काय करून राहिले जी?"

"पानी पिऊन राहिलो."

"पेला त भरलेलाच हाय."

"मंग आता पितो." आणि गटागट प्यायले, जणू मी औषध दिलं होतं.

मी म्हटलं, "डॉक्टरकडे जाऊ. एकदा दाखवू. काहून घाबरता?"

"घाबरत नाही. पन डॉक्टर नाव देते न वं त्याले. नाव दिलं का मंग ते घरातच राहाले येते."

 उमरेडच्या घरात ते नाव येऊन राहिलेलं मीही पाहिलं होतं. त्याला बसायला मागाची जागा दिली होती त्यांनी.

तुझी सुट्टी संपत आली होती. तुला कुरडई फार आवडते म्हणून मी एप्रिलातच केल्या होत्या, गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चीक शिजवून. गच्चीवर खणखणीत वाळवल्या आणि मोठ्या डब्यात भरून हॉलच्या कोपऱ्यात ठेवल्या, गार जागा म्हणून. त्या दिवशी तेल तापवलं, कुरडई सोडली. फुलली नाही. दुसरी सोडली. तीही तेलात नुसती पडून राहिली, रुसल्यासारखी. मी डब्यातली एक हातात घेऊन मोडली. मोडली कसली, वाकली. सादळली होती.

मला आधी लाज वाटली. बाईच्या हातची कुरडई सादळावी आणि तीही नवतप्यात! या गावात त्या दिवसांत काय सादळतं सांग? ओली साडी दोरीवर टाकून चिमटे आणायला आत जावं तर बाहेर येईपर्यंत साडी वाळलेली. ओठ फुटतात, लाकडी दारं आकसून त्यांना फटी पडतात. आणि माझ्या घरात कुरडई वाकते?

मी झारा हातात घेऊन तशीच हॉलमध्ये गेले. कूलर भरारा चालू होता. डबा त्याच्या झोतात. आणि त्याच झोतात, डब्याच्या आधी, टेबल.

मी तळहात कापडावर ठेवला. आबाजी कोणाला ठेवू देत नसत, पण ते आत झोपले होते. ओलं नव्हतं. ओलं असतं तर त्यांनाच कळलं असतं. नुसतं गार, जड. झोपून उठलेल्या लेकराची मानेखालची उशी लागते ना हाताला, तसं. तीन आठवडे रात्रंदिवस मी त्या कापडावर पाण्याचा वारा सोडला होता. कुरडईसारखंच कापडही सादळलं होतं. सादळलेल्या कापडावर पांढरी धावेल कशी? तिला बोटभर पुढे सरकायचंही ओझं. आणि हात गेला या भीतीने त्या माणसाने इस्त्री सोडलेली, म्हणून कापड वाळायचं काही कारणच उरलं नव्हतं. कापड जड म्हणून पांढरी थांबते, पांढरी थांबते म्हणून भीती, भीती म्हणून इस्त्री नाही, इस्त्री नाही म्हणून कापड आणखी जड. आम्ही दोघं त्या चक्रात इतके दिवस फिरत होतो आणि चक्राचं बटण दारात होतं.

मी कूलर बंद केला. दोन्ही दारं सताड उघडली. भर दुपारच्या झळा आत घुसल्या, भट्टीचं तोंड उघडल्यासारख्या. इस्त्री तापवली, आधी जुन्या धोतरावर फिरवून पाहिली, आणि मग कापडावर, एकाच दिशेने, तीस वर्षं पाहिलं होतं तसं. घाम डोळ्यांत जात होता. भीती वाटत होती ती वेगळीच. हे खरं नसलं तर? वाळलेल्या कापडावरही पांढरी अलीकडेच थांबली तर? तर मग त्या माणसाजवळ सांगायला काहीच उरणार नाही. इस्त्री फिरवता फिरवता एकदा वाटलं, नको, राहू दे, कूलर पुन्हा लाव.

आबाजी घामाने चिंब होऊन बाहेर आले. "काहून बंद केला कूलर? म्हातारपनी भाजून मारते का मले?"

"काठी घ्या. एक पांढरी मारा."

"आता? या उन्हात?"

"घ्या म्हटलं न."

माझा चेहरा पाहून त्यांनी वाद घातला नाही. पोस्टकार्ड मी ठेवलं, उघडंच. तूही उठून दारात डोळे चोळत उभी होतीस. त्यांनी नेम धरला. टुक. ठक. धप. पांढरी एका कडेवरून आली, दुसऱ्या कडेवरून आली, पोस्टकार्डावर आली, आणि थांबलीच नाही. भाऊजींच्या अक्षरावरून सरळ पुढे निघून गेली आणि पलीकडच्या पॉकेटात जाऊन पडली.

तू टाळ्या वाजवल्यास. तुला वाटलं हीच गंमत.

आबाजी तसेच वाकलेले. इतके दिवस ते जोर वाढवत वाढवत नेत होते, त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं. हात थकला नव्हता, दुप्पट काम करत होता. मी सांगितलं सगळं, कुरडईपासून. झारा अजून माझ्या हातातच होता. त्यांनी पांढरी पॉकेटातून काढली, पुसली, पुन्हा मांडली. टुक. ठक. धप. आणि मग ती शांतता. आणि त्या शांततेच्या शेवटी, मैत्री, हं.

मग ते टेबलाच्या कडेवर बसले. ज्या टेबलावर कोणाला कोपर टेकू दिलं नाही त्याच्यावर बसले, दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवून, आणि म्हणाले, "मले वाटलं बाप्पा, मी गेलो." मग डोळे पुसले आणि माझ्यावर ओरडले, "आन् तू वं! कूलर कुठं लावावं येवढी अक्कल नाही? माह्या कापडाची कुरडई केली!" शिव्या मला इतक्या गोड कधीच लागल्या नव्हत्या.

तेव्हापासून घरात कायदा झाला. कूलर झोपायच्या खोलीतच. हॉलकडे त्याचं तोंड करायचं नाही. आठ वर्षं तो कायदा मोडला नाही.

आता यंदाचं सांगते. त्याचसाठी तुला बोलावलं जवळ.

होळीच्या सुमाराला ते हं पुन्हा येईना झालं. मी घाबरले नाही, मला उपाय माहीत होता. कूलर तेव्हा माळ्यावर होता, तरी मी हॉलमध्ये बादली आहे का, नळ गळतो का, भिंतीला ओल आहे का, सगळं पाहिलं. इस्त्री मीच केली, रोज. मागच्या वर्षीच्या उरलेल्या दोन कुरडया हॉलच्या कोपऱ्यात ठेवल्या आणि रोज एक तुकडा कानाजवळ धरून मोडला. कट्. दुसऱ्या दिवशी, कट्. हवा कोरडी, कापड कोरडं, कुरडई कडक. आणि पांढरी बोटभर अलीकडे. मग चार बोटं. पोस्टकार्डाच्या घड्या एकेक करून उघडल्या. त्या घड्यांवर आता ते फाटायला आलंय.

आम्ही डॉक्टरकडे जाऊन आलो. या वेळी आबाजी स्वतःच म्हणाले, चल. डॉक्टरांनी त्याला नाव दिलं. मी ते इथे लिहीत नाही, घरात आलंय तेवढं पुरे. गोळ्या चालू आहेत, डॉक्टर म्हणतात हळूहळू वाढेल, फार हळू, काळजी करू नका. डॉक्टरांना काळजी करू नका म्हणायला काय लागतं! तुझ्या बाबांना माहीत आहे. तुला सांगू नको असं मीच म्हटलं होतं, परीक्षा होती तुझी. आता नाही राहवत.

 घरी आल्यावर आबाजींनी काठी घेतली, खेळले, पांढरी वीतभर अलीकडे थांबली. ते तिच्याकडे पाहत राहिले, मी त्यांच्याकडे.  कुठलाही शब्द काढला तरी बोलून झाल्यावर मी कोपऱ्यातच उभी राहणार होते.

म्हणून आठ दिवसांपूर्वी मी कूलर काढला आणि हॉलच्या दारात लावला. टेबलाकडे तोंड करून.

पंप सुरू झाला, तो वास आला, झोत कापडावर पडला. आबाजींनी आतून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बाहेर आले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "किती डाव सांगितलं तुले! कूलर इकडं लावू नको! आता पांढरी कशी चालन माही?"

"गरमी किती होऊन राहिली," मी म्हटलं. "राहू द्या."

तेव्हापासून रोज खेळतात. पांढरी अलीकडे थांबते, आणि ते मला शिव्या घालतात. शेजारचे येतात त्यांनाही सांगतात, बाईने कापड सादळवलं. मी मान खाली घालून ऐकते. यंदाच्या कुरडयांचा डबासुद्धा मी मुद्दाम त्याच झोतात ठेवला आहे, झाकण सैल करून. पुरावा नको?

काल खेळून झाल्यावर त्यांनी काठी खुंट्यांना लावली. हात हलत होता, खुंटी दोनदा चुकली. मी कूलरमध्ये पाणी ओतत होते, पाहिलं नाही असं केलं. माझ्या बाजूने जाताना ते थांबले. आवाज अगदी खाली आणून म्हणाले,

"चांगली ठेवली वं."

आणि चहा मागायला आत गेले.

तर असं आहे. पुढे काय, ते मला कळत नाही.  कूलर आषाढापर्यंतच लावतात, मग मी कशाचं नाव पुढे करू, तेही अजून सुचलं नाही. तू ये. तुझ्या हाताला त्यांनी सगळं शिकवलं आहे, किती जोर, कुठे टोचायचं. समोर उभी राहा आणि त्यांच्याशी एक डाव खेळ. चुकवशील तेव्हा पांढरी कुठे ठेवायची, ते तुला मी सांगायला नको.

पोहोचलीस की तोंड पाडून शिरू नको. आधी मलाच ओरड, आजी, कूलर इथे काहून लावला म्हणून. आणि ताटात वाकडी, न फुललेली कुरडई आली तर एक शब्द बोलायचा नाही, गुपचूप चावून खायची. नवतपा लागायच्या आत ये वं पोरी.